गावाची पाठ

अमेरिकेहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतोय, "काय काय पाहिलंस?" मी खरं ते सांगते, "रोमानियातलं एक गाव." समोरचा आधी हसतो, मग काळजीने विचारतो, "आणि ती मशालवाली बाई?" नाही पाहिली. धबधबा? नाही. जुगाराचं शहर? माझ्याकडे बघा आणि परत विचारा.

पाहिलं ते एक गाव. पुठ्ठ्यावर तैलरंगात काढलेलं, दोन पाट शेजारी ठेवावेत एवढं. शंभरएक वर्षांपूर्वी रोमानियाच्या कुणा चित्रकाराने काढलं. त्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून चुकीचं लिहून त्याची बेअब्रू करत नाही. हे गाव मी न्यू जर्सीत एका आठवड्यात तीनदा पाहिलं आणि त्यापायी सुरक्षारक्षकाची बोलणीही खाल्ली. जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितेय. जे जाऊन आले त्यांनी आपापले फोटो बघत बसावं.

वेस्ट विंडसर

मला बोलावलं होतं जयंतीच्या कार्यक्रमाला. नागपुरात मी पत्रकं लिहिते, छापून आणते, चौकात वाटते आणि वाटता वाटता भांडते. तिथल्या आपल्या लोकांना वाटलं, हिला एकदा आणून बघू. शाळेच्या हॉलमध्ये वंदना झाली, माझं भाषण झालं, टाळ्या झाल्या, पनीर झालं. एवढं तुम्हाला न सांगताही कळलं असतं.

परतीच्या तिकिटाला वेळ होता. ते दिवस मी कुंदा मावशीकडे काढले. मावशी ही माझ्या आईची हॉस्टेलमधली मैत्रीण. यवतमाळकडच्या खेड्यातून नागपूरला शिकायला आली आणि तिथून थेट इकडे, औषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत. विलास काका सॉफ्टवेअरमध्ये, जन्माने आणि जिभेनेही नागपूरचे. रिया त्यांची मुलगी, तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मराठीत विचारलं "जेवलीस का?" की इंग्रजीत कळतं की जेवली नाही आणि जेवणारही नाही.

पहिल्याच सकाळी मी पायी फिरायला निघाले. रस्ता स्वच्छ, फुटपाथ रुंद, माणूस एकही नाही. थोडं पुढे जाते तोच एक गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली गेली आणि आतल्या बाईंनी विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" परत येताना दुसऱ्या गाडीतून तोच प्रश्न. तिथे पायी चालणं हे आजाराचं लक्षण आहे, त्याचा मी इथे जाहीर निषेध करते. घरं पाहावीत तर सगळी रस्त्याकडे तोंड करून बसलेली. दार, दिवा, पायरी, कापलेलं गवत, सगळं पुढ्यात मांडलेलं. मागे काय आहे ते कुणी दाखवायला तयार नाही.

संध्याकाळी मावशीने गाडीची किल्ली उचलली. "मी गावात जाऊन येते गं. दूध संपलंय."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. गवत, झाड, गाडी, गवत. "कुठलं गाव?"

"अगं, गुजराती भाऊचं दुकान," काका म्हणाले. "इकडे आल्यापासून ती दुकानाला गावच म्हणते. आता आम्हीपण म्हणतो यार, सवय झाली."

रियाने फोनमधून डोकं वर काढलं. "गाव मीन्स स्टोअर, ताई. डोन्ट यू नो मराठी?"

मला मराठी येत नाही, असं त्याआधी फक्त दोन संपादक म्हणाले होते.

चित्रातलं गाव

आता ते चित्र. जवळच्या एका छोट्या म्युझियमने रियाच्या शाळेतल्या काही मुलांना वाटाडे केलं होतं. प्रत्येकाने एक चित्र निवडायचं आणि रविवारी त्याच्यासमोर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाच मिनिटांत समजावून सांगायचं. आईवडील येणार होते, शिवाय मराठी मंडळातली दोन कुटुंबं, कारण त्यांचीही मुलं त्यात होती. राजे, घोडे आणि बुडती जहाजं बाकीच्यांनी आधीच पटकावली होती. रियाच्या वाट्याला हे गाव उरलं.

बुधवारी मी तिच्याबरोबर गेले. चित्रात दुपार आहे. मध्ये उन्हाने पांढरा पडलेला रस्ता, पुढे ओढा, पलीकडे चुन्याने रंगवलेली घरं, जाड गवताची छपरं, खांबाभोवती रचलेल्या गवताच्या उंच गंजी, लांब दांडीची विहीर, आलुबुखाराची झाडं आणि पार मागे चर्चचा पत्र्याचा कळस, टाचणीच्या डोक्याएवढा. माणूस एकही नाही. म्हणजे वेस्ट विंडसरच, फक्त गाड्या नाहीत.

शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की या चित्रात ग्रामीण जीवनातली शांतता दिसते.

माझं डोकंच फिरलं. गाव आणि शांतता! ज्याने ही पाटी लिहिली त्याने गावात कुणाच्या तरी विहिरीवर न विचारता बादली टाकून बघावी, मग शांतता कळेल. मी रियाला तिथल्या तिथे मुद्दे द्यायला लागले. हे गवत कुणी कापलं? घरं कुणी सारवली? मेलेली ढोरं कोण ओढतं? ती माणसं कुठे राहतात? प्रत्येक गावाला एक बाहेर असतं, ते याने का काढलं नाही? आमची घरं कुठे आहेत या चित्रात? "तू हेच विचार रविवारी," मी म्हटलं. "मी पत्रक काढून देते. मथळा: आमची घरं कुठे आहेत?"

"ताई," रिया म्हणाली, "इट्स अ पेंटिंग. नॉट अ मोर्चा."

तिला वेगळाच प्रश्न पडला होता. "लुक. नो डोअर्स."

खरंच. मी घरं मोजली, एकालाही दार नव्हतं. फार तर एखादी बारकी खिडकी. मुलांना शिकवायला व्हियोरिका नावाच्या बाई होत्या. सत्तरीच्या, ताठ, पांढऱ्या केसांच्या, स्वतः रोमानियाच्या, म्हणूनच या चित्राबद्दल त्यांना जरा जास्तच माया. रियाने त्यांना दारांचं विचारलं. त्या म्हणाल्या, चित्रकाराला बारकाव्यात रस नव्हता, त्याला स्वप्नासारखं वातावरण हवं होतं. रियाने ते लिहून घेतलं.

"स्वप्न?" मी म्हणाले. "घराला दार नाही म्हणजे स्वप्न?" आणि दार कुठे असायला हवं होतं ते दाखवायला बोट पुढे केलं. त्याबरोबर भिंतीतून कुठूनतरी टूं-टूं-टूं सुरू झालं. सुरक्षारक्षक धावत आला आणि मला पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहायला सांगून गेला. आयुष्यात मी पोलिसांच्या कितीतरी पट्ट्या ओलांडल्या, पण चित्राला बोट दाखवून पकडली गेले ती पहिल्यांदाच.

व्हियोरिकाबाईंना माझी दया आली असावी. त्यांनी आम्हाला मागच्या बागेत बाकावर बसवून आपला डबा उघडला. आत घट्ट, पिवळं, वाफाळतं. पिठलं! इतक्या दिवसांनी! त्यांनी विचारायची वाट न बघता मी मोठा घास घेतला. मीठ नाही, मिरची नाही, लसूण नाही. मक्याचं पीठ, पाण्यात घोटलेलं. त्याला मामालिगा म्हणतात. बाईंनी तो गोळा सुरीने कापला नाही, दोरा ताणून कापला, आमच्याकडे साबण कापतात तसा. वर पांढरं चीज आणि कच्चा कांदा. कांद्यासोबत बरं लागलं. मी म्हटलं, याला ठेचा हवा. त्या म्हणाल्या, ठेचा म्हणजे काय? पर्समध्ये बाटली होतीच. एक बोट चाटून त्यांनी पाण्याची बाटली अर्धी केली. मग म्हणाल्या, "तू जशी बोलतेस तसंच आहे हे."

एक ओळ

रियाने भाषण लिहिलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं. मावशीने कांदा चिरता चिरता वाचलं. शेवटची ओळ होती: माझी आई अशाच एका गावात लहानाची मोठी झाली.

"ही ओळ काढ," मावशी म्हणाली.

"व्हाय?"

"पाच मिनिटांच्या वर जातंय."

"इट्स वन लाइन, आई!"

"काढ म्हटलं ना."

दुपारी काका मागच्या अंगणात गवत कापत होते. मशीन बंद करून ते माझ्याशी हळू आवाजात बोलले, जणू शेजारच्या गोऱ्यांना मराठी येतं. "मंडळाची लोकं येणार ना. गाव म्हटलं की कुठलं गाव. कुठलं गाव म्हटलं की कुठला भाग. आडनावावरून अंदाज येत नाही म्हणून आधीच चुळबुळत असतात. तुझी मावशी मंडळात कधी काही शिजवून नेत नाही, माहिती आहे? प्रत्येक वेळी पेपर प्लेटा आणि कोल्डड्रिंक. स्वतःच सांगते, मी प्लेटा आणते. म्हणजे कुणी तिच्या हातचं खावं की नाही, असा प्रश्नच यायला नको."

मी पेटले. म्हटलं, काका, आजच पत्रक लिहिते, मंडळाच्या गाड्यांच्या काचांना लावून येते.

"लाव," काका म्हणाले. "आणि मग तू विमानात बसून जा. इथे राहायचं आम्हाला आहे."

पत्रकात ही सोय असते, खाली पत्ता असतो पण तिथे कुणी येत नाही.

शनिवार

शनिवारी रंगीत तालीम होती. मावशी फक्त गाडी चालवायला आली होती. ती बाकावर बसून कामाच्या ईमेल बघत होती. रिया चित्रासमोर उभी राहिली आणि पाठ केलेलं म्हणायला लागली. इंग्रजीत, अर्थातच. ओढा, ऊन, गंजी. मग: "या घरांना दारं नाहीत, कारण चित्रकाराला आपल्याला स्वप्नात न्यायचं आहे."

"दारं आहेत की," मावशी फोनमधूनच म्हणाली.

"व्हेअर?"

मावशीने वर पाहिलं. मला वाटतं, तिने ते चित्र तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "पलीकडे. ही मागची बाजू आहे. तो बघ उकिरडा. गंजी बघ. घराच्या पुढे कुणी उकिरडा करतं का? गाव मागून दिसतंय हे." ती उठून पुढे आली, पिवळ्या पट्टीपर्यंत. "ओढ्याला पूल नाही, दगड टाकलेत. विहीर पलीकडे. बरोबर आहे. आमच्या दारातून असंच दिसायचं. गावाची पाठ. आई पाण्याला जायची ती अशी, उजवीकडून. गावात जायचं तर आजी आधी चपला काढून हातात घ्यायची."

"बिकॉज ऑफ द वॉटर?"

"ओढा संपेपर्यंत पाण्यामुळे."

"अँड देन?"

"मग गावामुळे."

रिया गोंधळली. "वेट. गावात? यू मीन, टू द स्टोअर?"

"दुकान कसलं? गावात म्हणजे गावात."

"बट यू लिव्ड इन द व्हिलेज. यू ऑल्वेज से सो."

"हो मग. गावातच राहायचो."

आणि मग त्या मुलीने माझ्यासमोर पहिल्यांदा एक अख्खं मराठी वाक्य म्हटलं. "आई, तू गावात राहायचीस, तर मग गावात कशी जायचीस?"

मावशीने एकदा रियाकडे, एकदा चित्रातल्या ओढ्याकडे पाहिलं. मीही थबकले. हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय, माझी आई म्हणते, मामा म्हणतो. वस्तीतून निघताना सगळे म्हणतात, गावात जाऊन येतो. गावातच राहणारी माणसं! मी पत्रकांवर पत्रकं काढली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडायला न्यू जर्सीत जन्मावं लागलं.

व्हियोरिकाबाई विचारत होत्या, काय झालं, मुलगी चुकली का? मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. गाव, वस्ती, मधला ओढा, आणि ते वाक्य. त्या चित्राकडे बघत म्हणाल्या, "सात."

मी परत घरं मोजली. सात नव्हती, नऊ होती.

"सात म्हणजे गाव, आमच्या भाषेत," त्या म्हणाल्या. "ओढ्याच्या या बाजूला रोमा जमातीचे लोक राहायचे, गावाने बाहेर ठेवलेले. आमच्या गावातही असंच होतं. तांब्याची भांडी तेच करायचे, विटा तेच पाडायचे. आणि निघताना म्हणायचे, मा दुक उन सात. गावात जाऊन येतो. मी रोज ऐकायचे. आम्ही वर राहायचो, चर्चजवळ. मला कधी विचित्र वाटलं नाही." मग म्हणाल्या, "त्यांना आम्ही ज्या नावाने हाका मारायचो ते मी मुलांसमोर म्हणणार नाही. त्यांच्या पणज्यांना तर गुलाम म्हणून विकत घेत होते आमचे लोक. जमीनदार घेत, मठसुद्धा घेत."

त्यांनी बोट पुढे केलं, पट्टीच्या मागूनच, त्या शहाण्या होत्या. चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक लालसर फराटा होता. मी बुधवारी त्याला डाग समजले होते. ते तांब्याचं पातेलं होतं, तीन काठ्यांना टांगलेलं, आणि त्याखाली चिमूटभर धूर.

"सो ही वॉज स्टँडिंग हिअर," रिया म्हणाली. "द पेंटर. ऑन दिस साइड."

आमची घरं कुठे आहेत, म्हणून मी बोंबा मारत होते. ती चित्रकाराच्या पाठीमागे होती. तो आमच्याच अंगणात बसून गावाकडे बघत होता. तिथे बसून तो त्यांच्या हातचं पाणी प्यायला की सोबत आणलेलं, ते चित्रात नाही. म्हणून माझा निषेध मी अर्धाच मागे घेतला.

परतताना गाडीत मावशी एवढंच म्हणाली, "उद्या यातलं काही बोलायचं नाही."

"व्हिच पार्ट?"

"कुठलाच."

रविवार

सकाळी मावशी रियाच्या शर्टाला इस्त्री करत होती. बाथरूममधून रियाचा आवाज येत होता. जुनंच भाषण. ओढा, ऊन, गंजी. मग दारं. "कारण चित्रकाराला आपल्याला स्वप्नात..."

मावशीने इस्त्री उभी ठेवली. पुन्हा आतून: "दारं नाहीत, कारण..."

"रिया!" मावशी ओरडली. "चूक आहे ते. दारं आहेत. चुकीचं सांगू नकोस लोकांना."

दार किलकिलं झालं. टूथपेस्टचं तोंड बाहेर आलं. "देन आय हॅव टु से व्हाय वी सी द बॅक."

जन्म प्रयोगशाळेत काढलेली बाई. खोट्या निकालावर तिच्याच्याने सही होईना. ती इस्त्रीकडे बघत राहिली. उरलेली बाही आपण करावी म्हणून मी पुढे झाले, तर म्हणाली, "सांग मग. पण माझ्याकडे बघत सांगू नकोस."

दुपारी म्युझियम भरलं. मंडळातल्या अनघा काकू आल्या होत्या, मोठ्या मनाच्या आणि मोठ्या आवाजाच्या. त्यांचे यजमान, दुसरं कुटुंब, बरेच गोरे आजी-आजोबा, एक रडकं बाळ. माझ्या पिशवीत पत्रक होतं, घडी घातलेलं. काकांनी ते पाहिलं आणि माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

रिया उभी राहिली. तिने चित्राबद्दल आधी काही सांगितलंच नाही. म्हणाली, सगळे विचारतात की चित्रात काय आहे. मला विचारायचंय, चित्रकार कुठे उभा होता? तिने सगळ्यांना ओढ्याचे दगड दाखवले, उकिरडा दाखवला, पातेलं दाखवलं. मग म्हणाली, तुम्ही आता जिथे उभे आहात तिथे तो होता, आणि ही बाजू गावात धरत नाहीत. इथली माणसं गावातच राहायची, तरी निघताना म्हणायची, गावात जाऊन येतो. रोमानियात असं म्हणायचे. आणि आमच्या भाषेतही असं म्हणतात. माझ्या घरात रोज म्हणतात. मला वाटायचं, गाव म्हणजे दुकान.

लोक हसले. मग काही जणांचं हसू मध्येच थांबलं, कारण त्यांना तेव्हा कळलं. तिने आईकडे एकदाही पाहिलं नाही. टाळ्या झाल्या. व्हियोरिकाबाईंनी तर इतक्या जोरात वाजवल्या की बाळ परत रडायला लागलं.

आणि मग अनघा काकू, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा मराठीत: "अय्या कुंदा, हे 'गावात जाणं' तुमच्याकडचं का गं? कुठलं गाव तुमचं? असंच होतं का?"

काकांना ठसका लागला. मी तोंड उघडलं. मुद्दे तयार होते, सगळे. त्याच क्षणी माझ्या पायावर मावशीचा बूट पडला, चुकून नाही, आणि तिथेच राहिला.

"यवतमाळकडचं," मावशी म्हणाली. "हो, असंच दिसायचं." एक श्वास घेतला. "मागून."

एवढंच. पण पाच मिनिटं जी मुलगी मागची बाजू समजावून सांगत होती तिचं भाषण संपून अजून घोटभर पाणी पिण्याइतकाही वेळ झाला नव्हता. काकूंना कळलं. त्यांच्या यजमानांनाही कळलं. दुसऱ्या कुटुंबातल्या गृहस्थांना एकदम आठवलं की गाडी चुकीच्या जागी लावलीय, आणि ते निघून गेले. आता रिया आईकडे बघत होती.

अनघा काकू पुढे आल्या, मावशीचा हात धरला आणि म्हणाल्या, "आम्ही असलं काही मानत नाही हं."

हे वाक्य मी नागपुरात इतक्या बैठकांत ऐकलंय की त्यावर माझं एक वेगळं पत्रकच आहे. पायावरचा बूट आणखी दाबला गेला.

"मानू नका हो," मावशी हसून म्हणाली. "पण पोरीने छान सांगितलं ना?"

"छानच सांगितलं," काकू म्हणाल्या. मग त्यांनी जे केलं ते मला आवडलं. त्या चित्राकडे वळल्या आणि बराच वेळ डाव्या कोपऱ्यातलं पातेलं शोधत राहिल्या. मी दाखवणार होते, पण टूं-टूंची आठवण झाली.

निघताना

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्नेहभोजनाची जुळवाजुळव चालली होती. कुणी पुरी, कुणी श्रीखंड. कुणीतरी सवयीने लिहिलं: प्लेटा आणि कोल्डड्रिंक, कुंदा. मावशी ओट्याशी उभी राहून बराच वेळ टाइप करत होती. पुसत होती, परत टाइप करत होती. शेवटी पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. काकांनी तो सुलटा करून मोठ्याने वाचलं: "या वेळी प्लेटा दुसऱ्या कुणीतरी आणा. मी गोळाभात आणतेय."

ग्रुप गप्प. काका म्हणाले, सगळ्यांचं नेट गेलं वाटतं. मग अनघा काकूंचं आलं: "तिखट आहे का?" आणि लगेच दुसरं: "मुलांसाठी विचारतेय." पाठोपाठ एक अंगठा, दुसऱ्या कुटुंबातल्या वहिनींचा. त्यांच्या यजमानांचा नाही. त्या अंगठ्याचा अर्थ काय यावर मी आणि काका भांडलो. मी म्हटलं, हा सोयीस्कर अंगठा आहे. ते म्हणाले, तू अंगठ्यावरसुद्धा पत्रक काढशील. काढीन.

मावशीला यात रस नव्हता. तिने डबे उघडून पाहिले. तांदूळ होता, लसूण होता, पण गोळ्यांसाठी हरभऱ्याची डाळ मूठभरच निघाली. माझ्या पर्समधली ठेच्याची बाटलीही तिने तपासली आणि आपल्याकडे ठेवून घेतली. मग दाराजवळ जाऊन तिने एक बूट पायात घातला, दुसरा हातात घेतला आणि रोजच्यासारखी हाक दिली.

"मी गावात जाऊन येते गं!"

सोफ्यावरून रिया फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "आई, आपण गावातच आहोत."

मावशी हातातला बूट घेऊन उभी राहिली. तिने दारातून बाहेर पाहिलं. गवत, झाड, गाडी, गवत.

"बरं," ती म्हणाली, आणि दुसरा बूट पायात घातला. "मग दुकानात जाऊन येते."